दोघींपैकी एकीचा रिपोर्ट

४ मार्च
शेवटी अर्ज दिला! घरमालक हे घर विकतोय. महिनाअखेर कर्ज मंजूर झालं तर आमचं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं. इतकी वर्षं आम्ही दोघी बहिणी इथे भाड्याने राहिलो. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी जरा उचलून लावावी लागते, ते दुसऱ्या कुणाला जमणार आहे?

एक गोष्ट मात्र खटकली. कागदांच्या झेरॉक्स काढून मी परत आले, तर बँकेच्या साहेबांनी कॉम्प्युटर धाकटीकडे वळवलेला. मला पाहताच त्यांनी तो झटकन परत फिरवला! मग साहेब घसा खाकरत म्हणाले, "एका अर्जदाराचा क्रेडिट रिपोर्ट अडचणीचा आहे."

धाकटी झटकन म्हणाली, "माझाच. कार्डाचं बिल राहिलं असेल."

साहेब तिच्याकडे बघतच राहिले.

६ मार्च
धाकटीचं बिल राहिलं? दुकानदाराने चुकून जास्त दिलेलं नाणं परत करायला पुन्हा जिना उतरणारी बाई ती!

"किती राहिलंय?" विचारलं.

"किरकोळ गं. तू नको डोकं शिणवूस, ताई."

९ मार्च
आज जेवताना म्हणते, "अर्ज माझ्या एकटीच्या नावावर करू या. तू निवृत्त, तुझं वय आडवं येतं."

वा! रिपोर्ट खराब हिचा, आणि घरही हिच्याच नावावर? मी इतकीही भोळी नाही. ताट तसंच ठेवून उठले.

१० मार्च
बुलबुलचा फोन! शाळेत हे नाव मीच ठेवलं होतं तिला. शिवणाच्या तासाला माझी सुई तीच ओवून द्यायची, शिकवणाऱ्या सिस्टरची पाठ वळली की. अजून फोनवर तसंच कुजबुजून हसते. तिचं कपड्यांचं दुकान कसं चाललंय विचारलं. "चाललंय गं." त्या दुकानाच्या कर्जासाठी सह्या करायला मी आणि ती बँकेत गेलो होतो, तेव्हा काय नटली होती!

तिला सगळं सांगून टाकलं. तिने विचारलं, "तुझा रिपोर्ट पाहिलास तू?"

"नाही."

"नकोच बघूस. उगाच मनस्ताप. बहिणीवर मात्र लक्ष ठेव हो. घराचा विषय निघाला की सख्खी माणसंही बदलतात."

माझी काळजी करणारं एवढं एकच माणूस उरलंय.

१२ मार्च
धाकटी गॅलरीचं दार ओढून कुणाशी बोलत होती. मला तुकडेच ऐकू आले — "माझ्या एकटीच्या पगारात बसेल ना?" आणि मग हळूच, "ताईला कळता कामा नये."

मी एकटीपुरता चहा केला. तापाने फणफणलेल्या हिला पाठुंगळीला घेऊन मी घरभर फिरले होते! त्याच ह्या का बाईसाहेब?

१३ मार्च
बुलबुल काही म्हणो, स्वतःचा रिपोर्ट मागवला. माझा स्वच्छ निघाला की साहेबांपुढे ठेवणार — करा घर माझ्या नावावर!

१६ मार्च
धाकटीशी बोलणं बंद. मीठ हवं असलं तर ती स्वतः उठते.

१९ मार्च
रिपोर्ट आला. माझं स्वतःचं एकही कर्ज नाही. खाली एकच नोंद — जामीनदार. बुलबुलच्या दुकानाचं कर्ज. गेल्या उन्हाळ्यापासून एकही हप्ता भरलेला नाही.

कागद धाकटीपुढे ठेवला. तिने वाचलासुद्धा नाही. "साहेबांनी पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. तिचा फोन आला की तू शाळकरी पोरीसारखी हसतेस, ताई. मला नाही सांगवलं."

अर्जातून माझं नाव काढायच्या कागदावर सही केली. धाकटी चहा ठेवायला उठली — दोघींचा.

फोन वाजतोय. बुलबुल. वाजू दे.