पाठदुखी नव्हती, दादा

रविवार, ८ नोव्हेंबर

दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. इकडे सगळे ठीक. धाकटीची परीक्षा आटोपली. हिने घर रंगवायचं मनावर घेतलंय, त्यामुळे सध्या मी खुर्च्यांच्या ढिगात झोपतो. फोनच केला असता, पण तू मध्येच "बरं, बरं" म्हणालास की माझं पुढचं राहूनच जातं.

पाठ कशी आहे म्हणून विचारत असतोस. पाठीला काही झालेलं नाही. दर गुरुवारी मी मालिशवाल्याकडे म्हणून निघतो आणि एका मानसतज्ज्ञ बाईंकडे जातो. हिलाही ठाऊक नाही. हे एवढं लिहायलाच अर्धी सकाळ गेली.

पहिल्या दिवशी मी त्यांना ऐटीत विचारलं, "तुमची उपचाराची पद्धत कोणती?" जसं काही यंत्रच विकत घ्यायला गेलो होतो.

त्या हसल्या. "एकच अशी नाही. माणूस बघून ठरवते. कधी श्वासापासून सुरुवात, कधी विचारांपासून, कधी लहानपणापासून. नाही जमलं तर वाट बदलायची."

मी सांगितलं, क्रेनच्या केबिनमध्ये चढलो की हातपाय गार पडतात. ते खरंच होतं. मग त्यांनी श्वास सावकाश सोडायला शिकवलं. भीती वाटली की मनात पहिलं वाक्य कोणतं येतं, ते पकडायला लावलं. मग इमारतीचे जिने: आज पहिल्या मजल्याच्या खिडकीतून खाली बघा, जमलं की त्याच्या वर. गच्चीपर्यंत पोचलो. तरी झोप नाही, जेवण नाही, आरशात बघवत नाही. एका गुरुवारी म्हटलं, "बाई, आता बरं आहे. थांबवूया."

"भीती कमी झाली म्हणता, पण माझ्याकडे बघत नाही," त्या म्हणाल्या. "मीच चुकीचं दार ठोठावत होते बहुतेक. तुम्हाला लाज कशाची वाटते?"

दादा, मग मी रडलो. एवढा बाप्या माणूस, हुंदके देऊन.

त्यांना सांगितलं ते आता तुला सांगतो. त्या दिवशी लोखंडी तुळई वर अडकली, तेव्हा केबिनमध्ये तुझा सोन्या नव्हता. मी होतो. वारा सुटला, तुळई झुलायला लागली आणि माझा हात दांड्यावर गोठला. खाली माणसं पळत होती. सोन्या खालून वॉकीटॉकीवर ओरडत होता, "काका, हळूहळू सोडा... काका? ऐकू येतंय ना?" मला सगळं ऐकू येत होतं. शेवटी तो धापा टाकत वर आला, मला बाजूला सारून त्यानेच तुळई अलगद खाली टेकवली. त्याला शिकवलं मी, आणि त्याचा हात जराही हलला नाही.

माझी पँट ओली झाली होती. त्याने आपलं जॅकेट काढलं आणि माझ्या कमरेला बांधलं. "खाली नका बघू काका, माझ्याकडे बघत उतरा."

खाली इंजिनीअर तापलेला. "कंट्रोलवर कोण होतं?"

"मी," सोन्या म्हणाला. "काकांना न विचारता बसलो."

मी तोंड उघडलं होतं, दादा. मग मिटलं.

त्याला कामावरून काढलं. तू त्याला जेवणाच्या ताटावरून उठवलंस, "माझ्या घरात असला भित्रा कुठून आला?" म्हणालास. मी तुझ्या शेजारीच बसलो होतो. आणि काय बोललो? "शिकेल हळूहळू." तो बॅग घेऊन निघाला तेव्हाही मी भात कालवत होतो.

बाईंनी रिकामी खुर्ची समोर ओढली. "इथे दादा बसलेत. बोला." तुझ्याशी मी पुष्कळ बोललो, भांडलोसुद्धा. मग त्या म्हणाल्या, "आता इथे पुतण्या बसलाय." एक शब्द फुटेना. त्यांनी आग्रह केला नाही. खुर्ची बाजूला केली, पाणी दिलं.

निघताना मी म्हणालो, "आता हलकं वाटतंय."

"वाटेल. पण इथे बोलल्याने तुम्हाला हलकं वाटतं, त्याला नाही. कुणाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

शुक्रवारी इंजिनीअरला सगळं सांगितलं. सोन्याला परत घेतायत. मला क्रेनवरून काढून गोदामात बसवलंय. बरं झालं. मला आता खरंच वर जायचं नाही, आणि हे तुला सांगायला मी घाबरत होतो, कारण वर चढायला तूच शिकवलंस.

काल सोन्याला भेटलो. त्याने दार उघडलं, चहा टाकला. सगळं ऐकून म्हणाला, "बाबांना नका सांगू, काका. ते तुम्हाला फार मानतात."

त्याचं ऐकलं असतं तर पुन्हा मीच वाचलो असतो. म्हणून हे पत्र.

तो बसस्टँडमागच्या गॅरेजच्या वर, मित्राच्या खोलीत राहतो. वाळलाय. तू स्वतः जा, वहिनीला घेऊन जा. माझ्यावर चिडायचं ते नंतर चीड, दार बंद केलंस तरी मी समजेन. हिला आज संध्याकाळी सांगतोय.

खाली 'तुझा भाऊ' लिहायला हात धजत नाही. उरलेलं नातं लिहितो, तेही त्यानेच ठेवलंय म्हणून.

सोन्याचा काका