दोनच्या आधी फोन उचलू नका

आई, चारू दूध पिऊन झोपली, म्हणून तुम्हालाही उठवलं नाही. बाळंतपणाची सुट्टी संपून काल शाळेत शिकवायला जायचा माझा पहिला दिवस होता, अन् मी मोहगावच्या बसमधून उतरून स्टँडवरूनच परत आली. छाती धडधडली की वाटते, घरी पोरीला काहीतरी झालं. झालेलं काहीच नसते. थोडं थांबलं की धडधड आपोआप बसते, हे आता मला कळलं आहे. आज बसमधून उतरणार नाही.

तिची खिचडी ओट्यावर झाकलेल्या गंजात आहे, मऊ करून द्या. यांच्यासारखे चार वाढवले तुम्ही, अन् मी तुम्हाला शिकवून राहिली!

काही लागलं तर तुम्ही फोन लावा. मी दोन वाजता एकदाच फोन करीन. त्याआधी वाजला तर उचलू नका, मीच असेन.

दिपाली