कदमबाईंच्या चपला

मंगळवार, संध्याकाळ, ठाणे

चहा दोनदा उतू गेला, तरी मी हसतेच आहे.

वर्तकनगरच्या शाळेत पोचले तर पाचवीचा वर्ग रिकामा. वर्गाबाहेर, झाडामातीत कसं शिकवायचं ते शिक्षकांना दाखवायला मी जूनपासून तिथे जातेय, आणि पाचवीच्या कदमबाई दर वेळी फरशीच्या कडेलाच थांबायच्या. "मॅडम, चपला खराब होतात हो." वाटलं, आज बाईंनी तासच रद्द केला.

मागच्या अंगणात गेले. फरशीच्या कडेला त्यांच्या चपला, नीट जोडीने. आणि बाई अनवाणी, चिखलात, लिंबोणीच्या झाडापाशी! भोवती सगळी पोरं चिडीचूप. पानावर एक अळी होती, हुबेहूब चिमणीच्या शिटेसारखी.

"बाई, ही अशी का दिसते?" एका मुलीने विचारलं.

बावीस वर्षं शिकवणाऱ्या कदमबाई म्हणाल्या, "मला नाही माहीत गं. तुला काय वाटतं?"

हेच! या एका वाक्यासाठी मी किती डोकेफोड केली! लगेच उत्तर देऊ नका, पोरांना शोधू द्या, दर वेळी तेच सांगत होते. आणि मी? उत्तर द्यायला माझंच तोंड उघडलं. मला स्वतःला जमत नाही ते मी लोकांना शिकवते की काय? बाईंनी ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं.

मग मीही चपला काढल्या. त्यांच्या चपलांशेजारी ठेवल्या आणि पोरांच्या मागे जाऊन उभी राहिले.