गाडी 'घरचीच', विमा कोणाचा?

मंगळवार, १२ मे. संध्याकाळी सव्वासहा.

महिन्याभरासाठी मी सांगलीत पाटलांच्या घरी, ते साताऱ्यात माझ्या घरी. गाड्यांचीही अदलाबदल केली. आत्ता त्यांच्या गाडीचा विमा पाहिला, तर नाव भलत्याचंच! लगेच पाटलांना फोन केला.

"आवं मॅडम, भाऊ फौजेत हाय. फौजी कँटीनमधनं सवलतीत मिळती, म्हनून त्याच्या नावावर घेतली. घरचीच हाय की!"

"गाडी मला देताना त्याला विचारलंत?"

"त्याला कशाला तरास?"

घरचीच! आम्हाला कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी न विचारता दुसऱ्याची पेन्सिलही घेऊ दिली नाही. उद्या कुणाला धडक बसली, तर विमावाल्यांना सांगू 'घरचीच'? आणि माझी गाडी? तीही एव्हाना कुणा 'घरच्या'च्या हातात असेल का?

कळवलं आहे: गुरुवारी दुपारी बाराच्या आत भावाची लेखी परवानगी पाठवा. नाहीतर माझी गाडी परत करा आणि घर रिकामं करा.