‘मना’ नव्हे, ‘माझ्या’

आई, परवा सप्तशृंगीच्या गडावर जाऊन आलो. तू गेल्यानंतर प्रथमच. आता पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. रुळांवरून एक डबा माणसांना वर ओढून नेतो आणि गुडघ्यांना काही कळायच्या आत आपण देवीच्या पायाशी उभे असतो. सोबत नात होती. तू तिला पाहिलेले नाहीस. सुरतेत जन्मली, गुजरातीत शिकली, आणि मला ‘दादा’ म्हणते. मराठीत दादा म्हणजे थोरला भाऊ, हे मी तिला इतक्या वेळा सांगितले आहे, की आता मी तोंड उघडण्यापूर्वीच ती “थोरला भाऊ, माहीत आहे” म्हणून मोकळी होते. तिच्याविषयी पुढे लिहितो. आधी त्या दिवसाविषयी लिहायला हवे, आणि ते मी इतकी वर्षे टाळले.

सुरतेच्या मराठी शाळेत मला मराठीचा शिक्षक म्हणून कायम केले, त्या वर्षीचा चैत्र. मुख्याध्यापकांनी गडाची सहल काढली आणि ज्याने त्याने आपल्या आईला आणावे असे सुचवले. तुझा आनंद काय वर्णावा! पर्वत पाटिया वस्तीतल्या त्या एका खोलीत तू वर्षानुवर्षे व्यापाऱ्यांच्या साड्यांचे लोंबते धागे कात्रीने कापत आलीस आणि त्यावर मला शिकवलेस. देवीसाठी घेतलेली हिरवी साडीही तू दोनदा उलगडून तपासलीस. देवीच्या अंगावर लोंबता धागा नको, म्हणालीस. बसमध्ये तू साऱ्यांना दशम्या वाटल्या. वाटेतल्या एका पाटीवर ‘देवि’ असे ऱ्हस्व लिहिलेले होते, ते मी मोठ्याने वाचून दाखवले, तशी तू म्हणालीस, “आते काय देवीना बी पेपर तपासशी का रे?” सारी बस हसली. मुख्याध्यापकांच्या पत्नी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्या तुझ्या विनोदाला हसत होत्या, हे आज मला स्पष्ट दिसते. त्या वेळी मला वाटले, त्या तुझ्या अहिराणीला हसत आहेत.

गाभाऱ्यासमोर आपली पाळी येते. शेंदराने माखलेली, अठरा हातांची ती भव्य मूर्ती. मान एका बाजूला किंचित कललेली. तू माझा हात दाबतेस आणि म्हणतेस, “देख, माय कान दिसन आयकी ऱ्हायनी.” देवी कान देऊन ऐकते आहे. मग तू हात जोडतेस आणि शेतात एक बाई दुसरीला हाक मारते तितक्या मोकळ्या आवाजात सुरू करतेस, “सप्तशिंगी माय, मना पोऱ्याले...”

मागे मुख्याध्यापक उभे आहेत, त्यांच्या पत्नी उभ्या आहेत. आणि मी, ज्याने वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत ‘माझ्या’साठी ‘मना’खेरीज दुसरा शब्द उच्चारला नव्हता, तो मी तुझे वाक्य अर्ध्यावर तोडतो. “आई, ‘मना’ नव्हे, ‘माझ्या’. ‘मना’ हे ‘मन’ या शब्दाचे संबोधन आहे.” ही सूचना मी हळू आवाजात केली नाही. मागच्यांना ऐकू जावी अशीच केली.

तू माझ्याकडे पाहिलेस. रागावली नाहीस. “बरं बापा, मनमाच सांगस,” म्हणालीस आणि मनातच सांगायला डोळे मिटलेस. नंतर केवळ तुझे ओठ हलत राहिले. पुजारी “चला, चला” करू लागला आणि आपण बाहेर आलो. मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन विचारले, “आईंना का टोकलेत? किती गोड बोलत होत्या.” मी बस लागली का ते पाहायला निघून गेलो.

पुढे जे झाले त्याची मला त्या वेळी कल्पना नव्हती. तू माझ्यासमोर बोलताना शब्द निवडू लागलीस. शेजारणीशी हसून चाललेले बोलणे मी दारात दिसलो की आखडते घ्यायचीस. मी त्याला सुधारणा समजलो. आणि तो शेवटचा दवाखाना. डॉक्टरांनी विचारले, काय होते आहे. तू माझ्याकडे पाहिलेस आणि म्हणालीस, “माझ्या छातीत दुखते आहे.” तुझ्या तोंडून मी ऐकलेले ते पहिले बिनचूक वाक्य. सांगताना तुझी नजर डॉक्टरांकडे नव्हती. बरोबर आले का, हे तू मला विचारत होतीस. आई, मी मान डोलावली होती.

परवा नात देवीसमोर उभी राहिली. तिने हात जोडले आणि म्हणाली, “माताजी, मारा दादानी...” आणि थांबली. मी काहीही बोललो नव्हतो, हे मी शपथेवर सांगतो. पण माझा चेहरा बोलला असावा.

“पूर्ण कर,” मी म्हणालो.

“ना दादा, तमे भूल काढशो. मनमां बोली लईश.”

तुम्ही चूक काढाल, मनातच बोलेन. तुझाच शब्द, आई, तिच्या भाषेत. मी कठडा घट्ट धरला. “चूक काढणार नाही,” मी म्हणालो, “मोठ्याने म्हण. मला ऐकायचे आहे.” तिने संशयाने माझ्याकडे पाहिले, मग देवीकडे वळून घाईघाईने म्हणून टाकले, “मारा दादानी आंखो साजी राखजो. आखो दिवस वांच्या करे छे, बीजुं शुं करशे?” माझे डोळे शाबूत ठेव म्हणे, दिवसभर वाचतच असतो, दुसरे करणार तरी काय. मागच्या रांगेतली एक बाई हसली. मीही हसलो, आणि मग मला रुमाल काढावा लागला.

तिने काय मागितले ते मला कळले. तू काय मागितलेस ते कधीच कळणार नाही. त्या दिवसानंतर कितीतरी वर्षे तू माझ्या घरात होतीस; एखाद्या जेवणाच्या वेळी सहज विचारले असते, तर तू सांगितलेही असतेस. मी विचारले नाही, कारण विचारणे म्हणजे त्या गाभाऱ्यापाशी पुन्हा जाणे होते.

हे पत्र मी दोनदा तपासले. ऱ्हस्व-दीर्घाची चूक नाही. पण तू ते ऐकले असतेस, तर “कोनी लिखं रे हाई?” असेच विचारले असतेस, म्हणून शेवटची ओळ तुझ्या भाषेत लिहायला घेतली. ‘माय, मना चुकनं.’ हे खोडून ‘मनं चुकनं’ केले, मग पुन्हा ‘मना’. यातले बरोबर कोणते, ते मला आता येत नाही.