नववा पाट

आई, आज मी कुमारिका म्हणून पाटावर बसले! हसू नकोस, आधी ऐक.

तामलवाडीची नवरात्रातली ती अष्टमी तुला आठवतच असेल. आज्जी नऊ पोरींचे पाय धुणार, मी नवा परकर घालून पहिल्याच पाटावर, आणि नेमकी तेव्हाच मला पहिली पाळी आली. तू मला दंडाला धरून उठवलंस, मागच्या दारी नेऊन बसवलंस. मी रडून घर डोक्यावर घेतलं. बाबा गेल्यापासून पूजेच्या दिवशी तुलाही पुढच्या खोलीत यायची बंदी होती. तू चुलीपाशीच. थोड्या वेळानं पदराखाली तव्यावरची पुरणपोळी घेऊन आलीस. म्हणालीस, "रडू नगं. पाटावरच्यांना गार मिळती, आपल्याला गरम." बाईला पाट मिळतो तो पोर असताना, नाहीतर सवाष्ण असताना. पुढं कुणी बोलवत नाही, हे मला तेव्हा कुठं कळत होतं!

आज कळंबला आमच्या घरी आठच पोरी जमल्या. नववी शिकवणीला गेलेली. सून सारखी दारात जाऊन बघतेय, आणि माझी नात भरल्या घरात ओरडते, "आज्जी हाय की! तिची पाळी गेलीय. म्हंजी ती परत कुमारिकाच झाली की!" शेजारणींनी तोंडाला पदर लावले. मला तोंड कुठं लपवू असं झालं. मी कशीबशी म्हणाले, "अगं, मला कुंकू चालत न्हाय." हे गेल्यापासून माझ्या कपाळाला कुणी बोट लावलेलं नव्हतं. सून दारातनं आत आली. आणि आई, खरं सांगते, तिनं हो म्हणावं म्हणून माझा जीव नुसता वरखाली होत होता. मग तिनं पायानंच नववा पाट पुढं सरकवला. "बसा आत्या. पाणी गार हुतंय."

तिनं माझे पाय धुतले, हळद लावली, कुंकू लावलं, केसांना लाल रिबीन बांधली. तळव्याला हात लागला तशी मी त्या पोरींसारखीच खिदळले!

तू खरंच बोलली होतीस, पोळी गारच होती. पण या वयात कुणी पाय धुतले की कसं वाटतं, ते तू कधी बोलली नाहीस. तुला तरी कुठनं माहीत असणार गं!

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, उशीखाली ठेवते. एक मात्र सांगून टाकते. दिवेलागण झाली, रिबीन मी अजून सोडलेली नाही.