थोरल्या नोवाकची थकबाकी

बुधवार, ११ फेब्रुवारी

घराचं कर्ज नाकारलं! बँकेतल्या बाईने अगदी मधाळ आवाजात. "मिस्टर नोवाक, तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर जुनी थकबाकी दिसतेय." माझ्या? मी लायब्ररीचं पुस्तकसुद्धा मुदतीच्या आधी परत करतो! तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. सोफासेट. अंगणात मांडायचा पोहण्याचा प्लास्टिकचा हौद. बोटीची मोटर. आणि अकॉर्डियन — हप्त्यांवर!

अकॉर्डियन वाचलं आणि उलगडा झाला. हा चेस्टर नोवाक मी नव्हे. हे चेस्टर नोवाक थोरले — माझे बाबा. आपलंच नाव मुलाला देण्याची हौस इथे टोलेडोत घरोघर आहे. पण नावासोबत बिलंही देणारा बाप विरळा.

पत मोजणाऱ्या कंपनीने आम्हा दोघांना एकच माणूस धरलंय. जन्मतारखा वेगळ्या, ओळखक्रमांक वेगळे. नाव दिसलं, याचं कोंबलं त्याच्या खणात! मी काउंटीचा वजनमाप तपासनीस. पेट्रोल पंपाचं माप पेलाभर चुकलं तरी पंप बंद करून लाल चिठ्ठी डकवतो. माणसाचं माप चुकवणाऱ्यांना कोण चिठ्ठी डकवणार?

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

घराची मालकीण मार्चअखेरपर्यंत थांबेल. पुढे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

कोरीन रागावली नाही, हेच वाईट. भांडी पुसता पुसता म्हणाली, "एकोणीस वर्षं दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर संसार केला, चेट. आपल्या लग्नाच्या वाढदिवसालाही खालून ड्रिलचा आवाज. मला ते घर हवंय."

मलाही हवंय. तळमजल्यावर दोन खोल्या, मागे नासपतीचं झाड.

शनिवार, १४ फेब्रुवारी

रिपोर्ट 'धुऊन' देणाऱ्या एका इसमाकडे गेलो. टाय इतका चकचकीत की त्यात स्वतःचा चेहरा बघता यावा. सल्ला असा: "सगळीच देणी खोटी आहेत म्हणून कळवायचं. पुन्हा पुन्हा कळवायचं. कंटाळून काढून टाकतात."

"पण त्यात माझी खरी खातीही आहेत."

"सर, तुम्हाला घर हवंय की स्वर्ग?"

भामटा! उठून आलो. पण दारापाशी क्षणभर थांबलो होतो. लिहून ठेवतो, नाहीतर उद्या विसरायला बघेन.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

बाबांकडे गेलो. उद्यापासून ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस, म्हणून जॅम भरून तळलेल्या डझनभर गोड पोंच्क्या नेल्या. बाबांचा उपवास म्हणजे सातवी पोंच्की उद्यावर ढकलणं.

खुर्चीत बसलेले, मांडीवर तेच अकॉर्डियन. "ये, ज्युनियर! कोण गेलं?" मी आलो म्हणजे कुणीतरी मेलंच असणार, असा त्यांचा हिशेब. चूक म्हणता येत नाही.

कागद पुढे केला : ही देणी माझी आहेत, मुलाची नाहीत.

"सही? आण इकडे. सह्या करण्यात मी कधी मागे हटलो नाही."

वाचलंसुद्धा नाही!

"बाबा, लाज कशी वाटत नाही हो? तो हौद एका उन्हाळ्यात फाटला."

"म्हणून तर पैसे दिले नाहीत!"

वर फुशारकी. "माझी पत काय कमी आहे? बँका आपणहून कार्डं पाठवतात मला. ही इमारत विकली गेली, माहीत आहे? नवा मालक एकेकाची पत तपासून भाड्याचा करार करणार म्हणे. शेजारच्या स्टॅनची झोप उडालीय. मी म्हटलं, तपासा की!"

सत्तरी उलटली, थापा जशाच्या तशा. सही झालेला कागद घेऊन निघालो.

बुधवार, १८ फेब्रुवारी

कंपनीला पत्र लिहिलं. दोघांच्या जन्मतारखा, बाबांची सही, सगळं जोडलं. शेवटी माझं एक वाक्य : दोन्ही माणसांच्या नोंदी पूर्ण वेगळ्या कराव्यात, ज्याचं त्याच्या नावावर जावं.

कोरीनने वाचलं. "तुझ्यावरची देणी काढा, एवढंच माग ना. त्यांच्या फायलीत कशाला हात घालतोस?"

"माप एकाच बाजूने बरोबर नसतं."

"तू आणि तुझं माप!"

वाक्य ठेवलं. बरं वाटलं — जरा जास्तच. हा सूड तर नाही? नाही. अचूकपणा आहे. टपालात टाकून आलो.

सोमवार, ९ मार्च

उत्तर नाही, म्हणून फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणतो, "आधी तुम्ही चेस्टर नोवाक असल्याची खात्री पटवा." अरे बाबा, मी *तो* चेस्टर नोवाक नाही, हे पटवायलाच तर फोन केलाय! त्याने मला गाणं ऐकवत ठेवलं. अकॉर्डियनचं नव्हतं, एवढीच कृपा.

बुधवार, ११ मार्च

काही नाही.

शुक्रवार, २० मार्च

गेली! सोफा, हौद, मोटर, अकॉर्डियन — चारही नोंदी गेल्या. स्कोअरने उडी मारली. बँकेतली बाई आता 'चेस्टर' म्हणते, खुर्ची पुढे करते. मी तोच आहे, बाई. बदलला तो तुमचा काटा.

कर्ज मंजूर. तळमजल्यावरची एक खोली कोरीनच्या शिवणयंत्राला, दुसरी माझ्या जुन्या पितळी वजनांना.

बाबांना फोन केला. "शाब्बास, ज्युनियर!" जणू यांनीच फेडलं!

रविवार, १२ एप्रिल

इमारतीच्या नव्या मालकाने बाबांना करार नाकारला. स्टॅनला दिला. "ज्युनियर, परवापरवापर्यंत उत्तम होती रे माझी पत!" म्हणाले, आणि जपून ठेवलेला जुना रिपोर्ट माझ्या हातात दिला. खरंच उत्तम होती. थकबाकी त्यात नव्हतीच, ती माझ्याकडे आली होती. त्यात माझ्या गाडीचे हप्ते होते. माझी कार्डं होती. वेळच्या वेळी भरलेलं माझं सगळं.

ज्याचं त्याच्या नावावर.

पत्रातल्या त्या वाक्याचं त्यांना सांगितलेलं नाही. कोरीनने तळमजल्यावरच्या खोलीतलं शिवणयंत्र वर नेलं. माझी वजनं खोक्यातच राहतील. अकॉर्डियन आज आलं. बाबा उद्या येतात.